वाकल्यावर काय दिसतं

कोकणातल्या आमच्या घरी पडवीच्या आतल्या भिंतीवर ठासणीची बंदूक टांगलेली असायची. शेतीसंरक्षणाचा परवाना आजोबांच्या नावावर. भात पोटरीला आलं की रात्री रानडुकरं उतरत आणि आजोबा बंदूक काढत. ती उडवणं म्हणजे एक कार्यक्रमच असे. नळीत दारू ओतायची, काथ्या कोंबायचा, गजाने ठासायचं, मग छर्रे, पुन्हा काथ्या, पुन्हा ठासायचं, शेवटी केप बसवायची. एवढं होईपर्यंत डुकरं शेजाऱ्याच्या खाचरात पोचलेली असत. पण आमच्याकडे बंदूक आहे हे पंचक्रोशीला ठाऊक होतं. पोस्टमनला, आंबेवाल्या दलालाला, शिमग्यात येणाऱ्या खेळ्यांना, आणि बहुधा डुकरांनाही. तिचा निम्मा उपयोग ठाऊक असण्यातच होता.

गेल्या वर्षी ह्यूस्टनजवळच्या एका शूटिंग रेंजच्या काचेच्या काउंटरसमोर उभा राहून मी अंगावर लपवून बाळगायचं पिस्तूल निवडत होतो, आणि त्याचा पहिला गुण मात्र हा की ते कुणालाही ठाऊक असू नये.

हे खूळ डोक्यात कसं शिरलं ते आधी सांगतो. आमच्या प्लांटचं दुरुस्तीचं शटडाउन चालू होतं. रात्री दोनला सुटून मी एका पंपावर पेट्रोल भरत होतो. एक माणूस आला, गाडीच्या काचेवर बोटाने टकटक केली, आत वाकून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. बस्स. काहीही घडलं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो. कारण ही गोष्ट सांगताना दर खेपेला तो माणूस दोन इंचांनी उंच होतो.

माझ्याकडे तेव्हा ग्रीन कार्ड होतं. एच-वनवर असताना पिस्तूल विकत घेता येत नाही (शिकारीचा परवाना काढला तर तीही पळवाट आहे म्हणे, आणि खरंच आहे). ग्रीन कार्ड हातात आलं की येतं. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, तुम्ही फरारी आहात का, तुम्हाला अमली पदार्थांचं व्यसन आहे का वगैरे प्रश्नांना प्रामाणिकपणे नाही म्हणायचं, दुकानदार संगणकावर सरकारी तपासणी करतो, आणि पुष्कळदा काही मिनिटांत काम होतं. मतदान मात्र नागरिक झाल्याखेरीज नाही, आणि त्यासाठी ग्रीन कार्डावर साधारण पाच वर्षं काढावी लागतात. म्हणजे या देशाने माझ्या हातात मतपत्रिकेच्या कितीतरी आधी पिस्तूल द्यायची तयारी दाखवली. मी तक्रार करत नाही. नुसता क्रम नोंदवतो.

टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला पिस्तूल बाळगायला परवानाही लागत नाही. तरी मी परवान्याच्या वर्गाला बसलो. परवान्याशिवाय बंदूक ही कल्पना माझ्या कोकणी डोक्यात बसत नाही. शिकवणाऱ्या बाई सत्तरीकडे झुकलेल्या, निवृत्त शाळाशिक्षिका, आवाज अजून वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. त्यांनी किलीन गावातल्या लूबीज् कॅफेटेरियाची गोष्ट सांगितली. १६ ऑक्टोबर १९९१. भर दुपारी एका माणसाने पिकअप ट्रक थेट काच फोडून आत घातला आणि गोळ्या झाडायला सुरुवात केली. तेवीस माणसं मेली. सुझाना ग्रेशिया नावाची तरुणी तिथे आईवडिलांबरोबर जेवायला बसली होती. तिचं रिव्हॉल्व्हर गाडीत होतं, कारण ते अंगावर बाळगणं तेव्हा टेक्सासात बेकायदा होतं. आई आणि वडील दोघंही त्या गोळीबारात गेले. पुढे ती गावोगाव साक्षी देत फिरली. १९९५ मध्ये गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी छुप्या शस्त्राच्या परवान्याच्या कायद्यावर सही केली आणि पुढच्या वर्षी ती बाई स्वतः राज्याच्या विधानसभेत निवडून आली.

वर्गात कुणी खोकलंही नाही. गोष्ट खरी आहे, आणि म्हणूनच मला तिची थोडी भीती वाटते. त्या गोष्टीतलं रिव्हॉल्व्हर कायमचं गाडीत राहिलेलं आहे. ते पर्समध्ये असतं, ती टेबलाआडून उठली असती, लोक सैरावैरा धावत असते, तिचा हात थरथरत असता, तर पुढे काय, हे ऐकणाऱ्याला कधी पाहावं लागत नाही.

मग काउंटर. रेंजवर पिस्तुलं भाड्याने चालवून बघता येतात आणि माझ्या मते विकत घेण्याआधी करायचं एकमेव शहाणपणाचं काम तेच. इंटरनेटवर परीक्षणं वाचून पिस्तूल घेणं म्हणजे फोटो बघून चप्पल घेण्यासारखं. मी सात-आठ पिस्तुलं चालवली. शेवटी चर्चा दोघांत राहिली. एक ग्लॉक १९, १९८८ पासूनचं, चार इंची नळी, पंधरा गोळ्यांचं मॅगझिन, भरल्यावर साडेआठशे ग्रॅमच्या आसपास. दुसरं सिग पी-३६५, २०१८ सालचं, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस अंगावर वागवायचं म्हणून त्याचं नावच तसं. नळी तीन इंचांहून थोडी जास्त, दहा गोळ्या, रिकामं असताना अर्धा किलो. म्हणजे श्रीखंडाचा एक डबा. गोळी दोघांचीही तीच, ९ मिलिमीटर, गेऑर्ग लुगरने १९०२ च्या सुमाराला काढलेली.

छोट्या पिस्तुलाच्या मागे एक गंमत आहे. १९९४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने नव्या मॅगझिनला दहा गोळ्यांची मर्यादा घातली. दहाच मावायच्या तर मोठं धूड कशाला, असा विचार करून कारखानदार पिस्तुलं आखूड करत गेले. २००४ मध्ये कायद्याची मुदत संपली, पण लोकांच्या कमरेला लहान मापाची सवय लागली ती लागलीच. तरीही बरीच वर्षं चपट्या पिस्तुलात सहा-सातच गोळ्या मावत. मग पी-३६५ ने मॅगझिनचा आकार असा काही बेतला की तेवढ्याच जागेत दहा बसल्या, आणि एकाएकी बाकी सगळे कारखाने जुन्या वर्तमानपत्रासारखे दिसायला लागले. गोळ्या कमी करा म्हणून केलेल्या कायद्यातून लपवायला सोपी पिस्तुलं निघावीत, हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसणार.

दोघांच्या उंचीत फरक जेमतेम दोन सेंटिमीटरचा. पण ते दोन सेंटिमीटर नेमके मुठीचे आहेत. ग्लॉकवर माझी चारही बोटं बसतात. पी-३६५ च्या साध्या मॅगझिनवर करंगळी हवेत लोंबकळते. चहाच्या कपाला करंगळी नसली तरी चालतं; पिस्तुलाला चालत नाही, कारण बार उडाला की नळी वर उसळते आणि ती दाबून धरायचं काम याच शेवटच्या बोटांचं. शिवाय वजन कमी म्हणजे धक्का जास्त. गोळी तीच, दारू तीच. तो जोर जडपणात जिरला नाही तर मनगटात येतो. जे बाळगायला सुखाचं ते चालवायला दुःखाचं, एवढं सगळं शास्त्र आहे. बाकी लोक पोथ्यांएवढे लेख लिहितात.

बाईंनी मला एक चाचणी दिली. माझ्याकडे पाठ करून मॅगझिन भरलं आणि मध्येच कुठेतरी खोटं काडतूस घातलं. मी झाडत गेलो. चौथ्याला नुसतं टिक् वाजलं, आणि आवाज नसतानाही नळीने मान खाली घातली. मला भीती वाटत नाही असं माझं मत होतं. नळीचं मत वेगळं निघालं. ग्लॉकने ती मान इंचभर झुकवली. पी-३६५ ने चांगलीच.

परवान्याच्या परीक्षेत मात्र पास झालो. पन्नास गोळ्या, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून, अडीचशेपैकी एकशे पंचाहत्तर गुण लागतात. तीन यार्ड म्हणजे नऊ फूट, आमच्या पडवीची रुंदी. एवढ्या अंतरावर माणसाच्या आकाराचा कागद. तिथून नेम चुकवायला प्रयत्न करावे लागतात, आणि माझ्या शेजारच्या लेनमधले एक गृहस्थ ते करत होते. त्यांनाही परवाना मिळाला.

इथे भाषेबद्दल थोडं. या सगळ्या काळात मी डोक्यात मराठीत बोलत होतो आणि शब्दांची पंचाईत होत होती. चाप, मूठ, नळी, नेम हे आजोबांचे शब्द कामी आले. पण लहानपणापासून पिस्तूल मला भेटलं ते वर्तमानपत्रात, पोलिसी बातमीत. 'एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे हस्तगत.' जिवंत काडतूस! इंग्रजीत शिकारी दुकानातल्या खोक्यावर नुसतं गोळीचं वजन, एकशे पंधरा की एकशे चोवीस ग्रेन, लिहिलेलं असतं. मराठीत ते पितळी नळकांडं जिवंत असतं. सरावाच्या आणि बाळगायच्या गोळ्या वेगळ्या असतात हे कळलं तेव्हा तो शब्द आठवला. बाळगायची गोळी टोकाला पोकळ असते, अंगात शिरल्यावर फुलासारखी उमलते, म्हणजे आरपार जाऊन मागच्या माणसाला लागू नये. एफबीआय तिची परीक्षा जिलेटिनच्या ठोकळ्यात घेते. बारा ते अठरा इंच शिरली तर उत्तम. ठोकळ्यात उमललेल्या त्या गोळीचं चित्र खोक्यावर छापतात. मी ते खोकं घरी आणलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं. का, ते मलाही कळलं नाही.

लपवण्याची परीक्षा कागदावर होत नाही, अंगावर होते. इथले लोक म्हणतात, 'प्रिंट होतं का बघा', म्हणजे कपड्यावर आकार उठतो का. आणि आकार उठवते ती नळी नव्हे, मूठ. नळी कमरेत खाली बुडते. मूठ पट्ट्याच्या वर राहते आणि वाकलं की कोपरासारखी बाहेर येते. कायडेक्स नावाच्या प्लास्टिकचं कडक म्यान घ्यायचं, ज्यात चाप पूर्ण झाकला जातो, आणि पट्टा ताठ घ्यायचा. या दोन बाबतींत पैसे वाचवणारा माणूस स्वतःच्या मांडीचा वैरी. जागा घड्याळाच्या काट्यावर सांगतात. एक वाजता म्हणजे पुढे, पोटाच्या उजव्या बाजूला. चार वाजता म्हणजे उजव्या कमरेच्या मागे.

रेंजवाल्यांची सल्ल्याची यादी अशी असते: पिकअपमध्ये बसून बघा, ऑफिसच्या खुर्चीत बसून बघा, दुकानात खालच्या फळीवरची वस्तू उचलून बघा. माझं आयुष्य त्या यादीत नव्हतं. गणपती तोंडावर आले होते. म्हणून एका शनिवारी दोन्ही पिस्तुलं, सहकाऱ्यांकडून मागून आणलेली, रिकामी करून, दोनदा तपासून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, मी झब्बा घातला आणि आरशासमोर उभा राहिलो. बायको पलंगावर मटार सोलत बसली होती.

उभं राहिलो तर दोन्ही अदृश्य. झब्ब्यासारखं वस्त्र नाही. आत पिस्तूल काय, कलिंगड लपेल. मग मांडी घालून बसलो. ग्लॉक एक वाजता ठेवलेलं. नळी जांघेत रुतली आणि मूठ बरगडीत. पंगतीत पहिला वाढप व्हायच्या आत उठावं लागलं असतं. चार वाजता सरकवलं तर मांडी जमली, पण उठताना भिंतीला खाडकन आपटलं. आरतीच्या टाळ्या वाजवल्या, ठीक. घालीन लोटांगणला स्वतःभोवती फिरलो, तेही ठीक. बायको म्हणाली, "आता नमस्कार कर."

वाकून नमस्कार केला. झब्बा मागून वर गेला आणि ग्लॉकची काळी मूठ आरशात लख्ख उभी राहिली. पी-३६५ घालून पुन्हा वाकलो. काहीच दिसलं नाही. नुसता एक मुलगा, आरशातल्या वडीलधाऱ्याच्या पाया पडणारा.

बायकोचे हात थांबले होते. तीही काही बोलली नाही, मीही नाही, पण दोघांना एकच गोष्ट आठवली होती हे नंतर कळलं. लपवायच्या पिस्तुलाशी आपल्या माणसांची ओळख जुनी आहे. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीनच्या पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पाठवली. त्यातल्याच एका पिस्तुलाने २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला मारलं. ते शाळेच्या पुस्तकात होतं. दुसरं पुस्तकात एका ओळीत होतं आणि घरात हळू आवाजात. ३० जानेवारी १९४८. बेरेटा, १९३४ चं मॉडेल, मॅगझिनमध्ये सात गोळ्या मावणारं, लांबीला जवळजवळ माझ्या कमरेतल्या पी-३६५ एवढंच. तीन झाडल्या. झाडण्यापूर्वी नथुराम गोडसेने हात जोडले होते, असं आपण सगळेच ऐकत मोठे झालो. माझ्या आजीचं माहेर साताऱ्याकडचं. त्या फेब्रुवारीत त्यांचा वाडा जळाला. आजी आयुष्यभर जळालेल्या तांब्याच्या घागरीबद्दल बोलायची, पिस्तुलाबद्दल कधी नाही.

मी म्यान काढलं आणि पलंगावर ठेवलं. "हे जास्त चांगलं लपतं," मी म्हणालो. "दिसलं मला," बायको म्हणाली.

मी ग्लॉक १९ घेतलं. रेंजवरच्या बाईंनी मान हलवली: मोठं घेणारे शेवटी घरी ठेवतात. पी-३६५ ला बारा गोळ्यांचं लांब मॅगझिन मिळतं, त्यावर करंगळीही बसते, असं त्यांनी दाखवलं. खरंच बसते. पण मग मूठही तेवढीच वाढते, म्हणजे फिरून त्याच दोन सेंटिमीटरांकडे. मी जे नेमकं लागतं ते घेतलं असं लोकांना सांगतो. नमस्कारात न दिसणारं घ्यायचा धीर झाला नाही, हे सांगत नाही.

बायकोच्या अटी दोन. एक, तिजोरी. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, हे तिने मला वाचून दाखवलं. पंपावरच्या माणसाबद्दल मी जितका विचार केला तितका आपल्या घरातल्या वाईट दिवसांबद्दल केला आहे का, असं विचारलं. केला नव्हता. दुसरी अट, मुलीला सांगायचं. जगापासून लपवायचं असेल तर लपव, घरात नाही. मुलगी चौदाची. बालवाडीपासून दरवर्षी शाळेत लॉकडाउनची, म्हणजे कुणी बंदूकधारी शिरला तर लपायची, तालीम करत आलेली. दिवे घालवून, बाकाखाली, न बोलता. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझ्या मैत्रिणींच्या आयांना तू सांगणार आहेस का?" आता येणाऱ्या प्रत्येक आईला मी सांगतो. दोघी त्यानंतर आल्या नाहीत. बाकीच्यांनी सांगितलं की त्यांच्याकडेही आहे.

प्लांटच्या फाटकाच्या आत ते नेता येत नाही. शाळेत नाही, एक्कावन्न टक्क्यांची (म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई दारूची) लाल पाटी असलेल्या बारमध्ये नाही, आणि जिथे ३०.०६ ची, म्हणजे छुपं पिस्तूल आत आणू नका सांगणारी, इंग्रजी-स्पॅनिश पाटी लावली आहे तिथे नाही. आमच्या देवळाच्या दारात चपलांच्या फळीशेजारी ती आहे. उरतो तो पंप. तिथे मी आता पेट्रोल भरत नाही. शटडाउनच्या दिवसांत टाकी दुपारीच भरून ठेवतो. हा उपाय फुकटचा होता आणि तो सुचायला मला पाचशेच्या वर डॉलर आणि चार शनिवार लागले.

मधल्या काळात मी नागरिक झालो. त्याच उन्हाळ्यात बाबा आले. त्यांना मी पिस्तूल दाखवलं, रिकामं, जेवणाच्या टेबलावर टॉवेल पसरून. त्यांनी ते तळहातावर तोललं, उलटसुलट केलं.

"घोडा कुठाय?"

"याला बाहेर घोडा नसतो बाबा. आत सुई असते."

"आणि चुकून चाप लागला तर?"

"चापातच एक पट्टी आहे. ती दाबल्याशिवाय चाप मागे जात नाही."

"चाप दाबला की पट्टी दाबली जातेच की," बाबा म्हणाले. ग्लॉकवर दर वर्षी हजारो लोक हाच वाद घालतात. बाबांना अर्धं मिनिट लागलं. मग त्यांनी ते टॉवेलवर नीट ठेवलं आणि खरा प्रश्न विचारला. "निवडणुकीत जमा कुठे करता?"

गावाकडे निवडणूक जाहीर झाली की पोलीसपाटील निरोप घेऊन यायचा. आजोबा बंदूक गोणपाटात गुंडाळून एसटीने तालुक्याच्या ठाण्यावर न्यायचे. मतमोजणी होईपर्यंत भिंतीवर नुसती खुंटी आणि बंदुकीच्या आकाराचा पांढरा डाग.

"इथे नाही जमा करत," मी म्हणालो.

"कुणीच?"

"कुणीच."

"मग मतदान शांततेत पार कसं पडतं?"

मी उत्तर शोधून ठेवलं. मतदानाच्या जागी पिस्तूल नेता येत नाही, परवाना असला तरी. ऑक्टोबरच्या अखेरीस मुदतपूर्व मतदान सुरू झालं. बाबा तोवर परत गेले होते. माझं पहिलं मतदान, जवळच्या सार्वजनिक वाचनालयात. निघण्याआधी तिजोरी उघडली. मॅगझिन काढलं, नळी तपासली, पुन्हा ठेवलं, दार लावलं. रांग वाचनालयाच्या बाहेर पार्किंगपर्यंत आली होती. माझ्या पुढे एक आजोबा काउबॉय हॅट हातात धरून उभे होते, मागे एक बाई बाळाला कडेवर घेऊन. आतून कुणीतरी कागदाचा गठ्ठा टेबलावर आपटला.

भारतात रात्रीचे साडेनऊ झाले असतील. बाबांना फोन लावला.

"बाबा, जमा केली."

"बरं केलंस," ते म्हणाले. "पावती घेतलीस ना?"